हिंमतीसाठी घेतलेली नाईंटी

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३४. गाव खानापूर तालुक्यात, कामाला बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत, भट्टीवर. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही दोष निघाला नाही. रोज संध्याकाळी एक क्वार्टर होते, शनिवारी पगार झाला की जास्त. गेलं वर्षभर बायकोजवळ गेलं की जमंना झालंय. पहिल्यांदा नाईंटी घेतली की हिंमत यायची, आता तिनंही काही होत नाही. मित्रानं मेडिकलमधून गोळी आणून दिली. एकदा जमलं, दुसऱ्या वेळी चक्कर येऊन पडलो. हे दारूमुळंच झालंय का? आणि सोडली तर पहिल्यासारखं होईल का?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीच्या मजकुरात तुमचं लक्ष लागणार नाही. होय, परत येतं. सगळ्यांचं सारखं येत नाही, पण तुमच्या वयात, लिव्हर पूर्ण खराब व्हायच्या आत जो थांबतो त्याचं बहुतेक वेळा येतं. मात्र दोन गोष्टी आजपासूनच पाळा. दारू स्वतःच्या मनानं एका रात्रीत एकदम बंद करू नका. आणि ती गोळी पुन्हा घेऊ नका, दारूवर तर अजिबात नको. का ते पुढं सांगतो.

मी बेळगावात बावीस वर्षं मानसोपचार आणि व्यसनमुक्तीचं काम करतो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडूनही लोक येतात. लैंगिक तक्रार आहे असं म्हणत फार थोडे येतात. झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत जळजळतं, अशी सुरुवात होते. मग बायकोला औषधाच्या खिडकीकडं पाठवतात, तिची पाठ वळली की खुर्ची पुढं ओढतात आणि आवाज खाली आणून खरं दुखणं सांगतात. एकानं तर तीन वर्षं घालवली होती. घरी मराठी बोलणारा माणूस, समोरचा तरुण डॉक्टर फक्त कन्नड समजणारा. हा कन्नडमध्ये म्हणाला, "शक्ती इल्ला," म्हणजे शक्ती नाही. डॉक्टरनं अशक्तपणा समजून सलाईन लावलं आणि टॉनिक लिहून दिलं. असं चार वेळा झालं. आपल्या भागात हे घडतं म्हणून सांगतो: हा विषय ज्या भाषेत तुम्हाला नीट सांगता येतो त्याच भाषेत सांगा, तशी माणसं मागून घ्या. तुम्ही सगळं सरळ लिहिलंत, त्यामुळं माझंही काम सोपं झालं.

आता क्वार्टरचा हिशेब करू. बाटलीवर किंवा टेट्रापॅकवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीत म्हणजे साधारण ७७ मिली, वजनात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅमच्या आसपास निपटवतं. पाणी जास्त प्यायलं, लिंबू पिळलं, मटण खाल्लं म्हणून तो वेग वाढत नाही. रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटे चार-पाचपर्यंत रक्तात असते. तुम्ही पत्नीजवळ जाता तेव्हा दारू जवळजवळ पूर्ण चढलेली असते. आणि हे रोजचं आहे, म्हणजे वर्षाच्या ३६५ रात्रींत तुमच्या शरीराला एकही रात्र कोरडी मिळालेली नाही. "मी बियरच घेतो" म्हणणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे: ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बियर म्हणजे ४० ग्रॅमच्या वर. गोव्याहून चोर्ला घाटातून येणारी काजूची फेणी नैसर्गिक म्हणून गुणकारी, असंही कानावर येतं. तिच्यातलं अल्कोहोल तेच आहे आणि तुमच्या नसांना ते काजूचं की उसाच्या मळीचं हे कळत नाही.

ताठरता येते कशी, हे समजलं तर दारू नेमकं कुठं मारते ते कळेल. उसाला पाणी पाजताना नुसती मोटर सुरू असून भागत नाही. पाट मोकळा लागतो, आणि वाफ्यात आलेलं पाणी धरायला बांधही पक्का लागतो. इथंही तसंच. मेंदूत इच्छा जागी होते, निरोप मणक्याच्या खालच्या टोकातून निघणाऱ्या नसांवाटे लिंगापर्यंत जातो, तिथं नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त आत येतं आणि त्याच दाबानं परतीच्या शिरा दाबल्या जाऊन ते आत टिकतं. दारू मेंदू मंद करते. त्यात सर्वांत आधी मंद होतं ते भीती आणि लाज सांभाळणारं केंद्र, म्हणून पहिल्या पेगला मोकळं वाटतं. यालाच लोक हिंमत म्हणतात. ताकद त्यात तसूभरही वाढलेली नसते. पुढच्या पेगला निरोप नेणाऱ्या नसाही मंद होतात, स्पर्श बोथट होतो. मन म्हणतं चल, आणि शरीर उठत नाही.

मग जे होतं ते तुम्ही अनुभवलंय. एका रात्री जमत नाही. दुसऱ्या रात्री "आज तरी होईल का" ही धास्ती घेऊनच माणूस आत जातो. धास्तीनं अंगात अॲड्रेनालिन वाढतं, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे पाटच बंद. मग धास्ती घालवायला नाईंटी. ती पुरेना म्हणून क्वार्टर. ज्यानं बिघडलं तेच औषध म्हणून वाढत जातं. माझ्याकडं येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची रोजची दारू लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अशीच सुरू झालेली आहे. लवकर पतन होतं म्हणून पिणारेही बरेच आहेत. स्पर्श बोथट झाल्यामुळं सुरुवातीला वेळ लांबतो खरा, पण तेवढ्याच परिणामाला महिना-दोन महिन्यांनी जास्त दारू लागते, आणि मग वेळ लांबायचा राहतोच, ताठरताही जाते. शीघ्रपतनावर साधे, खात्रीचे उपचार आहेत. त्यासाठी दारूकडं जायची काहीच गरज नव्हती, हे चाळिशीतल्या माणसाला सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

तुम्ही एकटे नाही हेही सांगतो. बेंगळुरूच्या निमहान्समधल्या दोन डॉक्टरांनी दारूचं व्यसन जडलेल्या १०० पुरुषांची पाहणी केली होती, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७२ जणांना एक ना एक लैंगिक तक्रार होती. शीघ्रपतन, इच्छा कमी होणं आणि ताठरता न येणं यांचं प्रमाण जास्त. आणि कोणाला त्रास होणार हे सांगणारी सर्वांत ठळक गोष्ट निघाली ती पिण्याचं प्रमाण. प्रमाण हाच या सगळ्याचा गाभा आहे. कोणी सणासुदीला एखादा पेग घेतो आणि त्याला ताठरतेचा त्रास आहे, तर मी दारूला दोष देऊन मोकळा होणार नाही, शुगर आणि ब्लडप्रेशर शोधीन. तुमचं तसं नाही.

तुम्हाला एक प्रश्न विचारतो, उत्तर स्वतःशीच द्या. पहाटे जाग येते तेव्हा लिंग ताठ असतं का? निरोगी पुरुषाला झोपेत रात्रभरात तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्नांच्या झोपेत. तिथं मनाची धास्ती नसते, त्यामुळं पहाटेची ताठरता चांगली असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि गाठ मनाची आहे असं बहुधा म्हणता येतं. ती महिनोन् महिने आली नसेल तर रक्तवाहिन्या, नसा किंवा हार्मोन यांत शोधावं लागतं. पण रोज पिणाऱ्याची यात फसगत होते, कारण दारू स्वप्नांची झोपच मोडते. म्हणून पिणं चालू असताना मी यावरून निष्कर्ष काढत नाही, तीन-चार कोरडे आठवडे गेले की पुन्हा विचारतो.

वर्षानुवर्षं पिण्यानं आणखी खोल बिघाड होतो. पुरुषाचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, वृषणात तयार होतं. दारू तिथल्या पेशींना थेट मारते, शिवाय मेंदूतून येणारा "तयार करा" हा हुकूमही कमी करते. पुढं लिव्हर बिघडलं की उलटा खेळ सुरू होतो: शरीरात इस्ट्रोजेनचं, म्हणजे स्त्रीत्वाच्या हार्मोनचं, पारडं जड होतं. छाती वाढते, दुखते. वृषण लहान आणि मऊ पडतात, अंगावरचे केस विरळ होतात, तळहात लालसर होतात. वेदगंगेकाठच्या एका गावचा माणूस आठवतो. पट्टीचा पोहणारा. ऐन मे महिन्यात बनियनवर जाड शर्ट, वरपर्यंत बटणं लावलेली. तपासायला शर्ट काढा म्हटलं तर हात बटणावरच थांबला. दोन वर्षं तो नदीवर गेला नव्हता. पोरं हसतील म्हणून. त्याची बायको समजत होती की यानं पाण्याची भीती घेतलीय. त्याला दारूनं किती गोष्टींपासून तोडलं होतं हे त्या थांबलेल्या हातात मला दिसलं, आणि तेव्हापासून मी कुठल्याच रोज पिणाऱ्याला शर्ट न काढता तपासत नाही.

नसांचंही तसंच. दारू आणि अर्धपोटी राहणं यांनी बी-१ जीवनसत्त्व संपतं. पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, कधी चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. पायाच्या नसा जशा मरतात तशा लिंगाच्याही. आणि रक्तवाहिन्या? लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. आतून थर चढायला लागला की अडचण आधी बारीक नळीत दिसते. म्हणून पस्तिशी-चाळिशीतली ताठरतेची तक्रार मी हृदयाची आगाऊ सूचना मानतो आणि शुगर, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर बघितल्याशिवाय माणसाला सोडत नाही. तुम्ही तंबाखूचं काही लिहिलेलं नाही. आमचा निपाणी भाग तंबाखूचाच, घरोघरी विड्या वळून संसार उभे राहिलेत, त्यामुळं तंबाखूला नावं ठेवणं लोकांना आवडत नाही. तरी सांगतो, दारूसोबत विडी, सिगारेट किंवा मावा असेल तर रक्तवाहिन्यांचं नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. क्वार्टर सोडून मावा चालू ठेवला तर अर्धंच काम होतं.

आता मुलाचं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, पुढं बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस. आजच्या वीर्यात जे जंतू आहेत ते तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेले. रोजच्या जास्त दारूनं त्यांची संख्या घटते, चाल मंदावते, आकार बिघडतो. त्यात तुम्ही भट्टीवर काम करता. वृषणं शरीराबाहेर पिशवीत दिली आहेत ती उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावं लागतं. आठ तास भट्टीसमोर उभं राहणं आणि घट्ट जाड पॅन्ट, हे दारूच्या जोडीला येतं. पाळी बदलून मोल्डिंगकडं किंवा फेटलिंगकडं काम मिळत असेल तर निदान काही महिने मागून घ्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, रागावू नका. तुमच्या पत्नीच्या "सगळ्या तपासण्या" झाल्या. तुमची एक तरी झाली का? तुमच्या पत्रात तुमच्या तपासणीचा उल्लेख नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनंही कारण असतं. वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त आणि न दुखणारी तपासणी, आणि आमच्याकडं ती सर्वांत शेवटी होते. तोवर त्या बाईची सोनोग्राफी होते, नळ्या तपासतात, पाच-सहा जणी पाच-सहा देवांचं सांगतात, आणि हळदीकुंकवाला बोलावणं यायचं बंद होतं. वीर्य तपासायच्या आधी दोन ते सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, नमुना तासाभरात लॅबला पोचायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार मिलीलीटरला १.६ कोटी ही संख्येची खालची मर्यादा धरतात. पहिला रिपोर्ट कमी आला तर घाबरू नका. तीन महिने कोरडे काढून पुन्हा करू. त्या दुसऱ्या रिपोर्टवर बोलण्यात अर्थ आहे.

याच संदर्भात कोणी "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून टेस्टोस्टेरॉन द्यायला लागलं तर थांबवा. बाहेरून हे हार्मोन आलं की मेंदू आतला कारखाना बंद करतो आणि शुक्रजंतू आणखी घटतात. मूल हवं असणाऱ्या माणसाला ते द्यायचं नसतं.

गोळीचं बोलू. मित्रानं आणली ती बहुधा सिल्डेनाफिल किंवा तशीच दुसरी असणार. औषध वाईट नाही. योग्य माणसाला, योग्य मात्रेत मी ते लिहून देतो. पण ते रक्तवाहिन्या सैल करतं, दारूही करते, दोन्ही एकत्र आल्या की ब्लडप्रेशर घसरतं. तुम्हाला चक्कर आली ती त्यामुळं असण्याची दाट शक्यता आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जो घेतो, त्याच्यासाठी तर या दोन गोळ्यांची जोडी जीवघेणी ठरू शकते. म्हणून ही गोळी छाती आणि ब्लडप्रेशर तपासल्याशिवाय घ्यायची नसते, म्हणूनच ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. हायवेच्या भिंतीवर नंबर रंगवलेले, महिन्याच्या ठरावीक तारखेला लॉजवर बसणारे जे आहेत त्यांच्या पुड्यांबद्दलही हेच. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत हेच औषध भेसळ केलेलं अनेकदा सापडलं आहे. किती मात्रेत घातलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता सोडण्याबद्दल, आणि इथं माझं म्हणणं नीट ऐका. रोज क्वार्टर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दडपणाखाली चालायला शिकलेला असतो. दडपण एकदम काढलं की तो उसळतो. सहा-आठ तासांनी हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, आणि तो प्राणावर बेतू शकतो. माझ्याकडं कोणी आलं की मी दोन्ही हात पुढं करायला सांगतो, बोटं फाकवून, आणि त्यावर केसपेपर ठेवतो. सकाळी अकराला तो कागद थरथरायला लागला की मला पुढचं विचारावं लागत नाही. तुम्हीही एकदा सकाळी घरी करून बघा.

आपल्याकडं माळ घालून दारू सोडायची चांगली रीत आहे. कोणी पंढरीची तुळशीची माळ घालतं, कोणी अय्यप्पाची. माझ्या मते ही रीत मोलाची आहे. वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले माळकरी मी पाहिलेत आणि माझ्या औषधांना जे जमलं नाही ते माळेनं केलेलं पाहिलंय. पण एका आषाढीला एकाला बाजेला बांधून आणला. माळ घातल्याच्या तिसऱ्या रात्री त्याला घरभर साप दिसायला लागले होते, आणि घरचे म्हणत होते देवाचं काही चुकलं. देवाचं काही चुकलेलं नव्हतं, मेंदू दारूवाचून उसळला होता. चार दिवसांत तो बरा झाला. तेव्हापासून सांगतो, माळ अवश्य घाला, फक्त तिच्या आधी आठ-दहा दिवस डॉक्टरकडं द्या. मेंदू शांत ठेवायच्या गोळ्या मोजून देऊन रोज कमी करत आणतात, बी-१ चं इंजेक्शन देतात. अशक्तपणा आला म्हणून कोणी नुसती ग्लुकोजची सलाईन लावत असेल तर "रोज पितो, आधी बी-१ द्या" एवढं सांगायला विसरू नका. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूर्वी फिट आली असेल, भ्रम झाला असेल, कावीळ असेल तर ॲडमिट होऊनच सोडायची. नंतर पुन्हा ओढ लागू नये म्हणूनही औषधं आहेत, लिव्हर बघून ती ठरवतात.

घरच्यांसाठी एक. जेवणात गुपचूप कालवायची "दारू सोडवणारी पावडर" कृपा करून घालू नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की तोंड लालभडक होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, ब्लडप्रेशर कोसळतं. माहीत असलेल्या माणसाला, त्याच्या संमतीनं, हे औषध उपयोगी पडतं. न सांगता दिलं तर ते विष आहे. एका बाईनं आमटीत घातलं होतं, नवरा लग्नाच्या वरातीत कोसळला. तो वाचला. पण त्यानंतर त्यानं वर्षभर तिच्या हातचं जेवण घेतलं नाही.

संशयाचंही बोलायला हवं, तुमच्या घरी ते नसेल तर उत्तम. स्वतःला जमेनासं झालं की काही पिणाऱ्यांच्या मनात येतं की बायकोचंच कुठंतरी आहे. ती फोनवर बोलली, दळणाला वेळ लागला, साडी बदलली, सगळ्याचा अर्थ तोच लावतात. हा दारूनं होणारा ओळखीचा मानसिक आजार आहे आणि त्यात बायकांचे जीव गेलेत. असा विचार मनात घोळत असेल तर तो मला सर्वांत आधी सांगा, ताठरतेच्याही आधी. आणि ज्या बाईला हे सोसावं लागतंय तिनं डॉक्टरची वाट न बघता माहेरी किंवा सुरक्षित ठिकाणी जावं.

पिऊन झालेला बाहेरचा संबंध असेल, आणि पिलेल्या माणसाला कंडोमची आठवण राहत नाही, तर एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आणि गुप्त होते. ती करून घ्या. याबद्दल कोणी तुम्हाला बोल लावणार नाही.

सोडल्यावर कधी काय होतं? माझ्या पाहण्यात असं: पहिले दोन आठवडे उलट बिघडल्यासारखं वाटतं. झोप तुटक, चिडचिड, इच्छा शून्य. इथंच बरेच जण "दारू सोडली तर होतं तेही गेलं" म्हणून परत बाटलीकडं जातात. हे दिवस काढायचे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात झोप लागायला लागते आणि बहुतेक पहिली खूण पहाटेची येते. एक जण मला फोन करून एवढंच म्हणाला, "डॉक्टर, आज पहाटे आलं," आणि रडायला लागला. तीन महिन्यांत ताठरतेत आणि वीर्यात फरक दिसावा. पायाच्या मुंग्या गेल्याच तर सावकाश जातात. लिव्हर सिऱ्हॉसिसपर्यंत गेलं असेल, वृषणं आकसली असतील तर सगळं परत येत नाही. तरी गोळ्यांनी, इतर उपायांनी संसार सुखाचा करता येतो.

या पहिल्या महिन्यात स्वतःची परीक्षा घेऊ नका. पत्नीला सांगा की डॉक्टरांनी महिनाभर संबंध नको म्हटलंय, आणि खरंच ठेवू नका. जवळ झोपा, बोला, हात धरा. आज जमवायचंच आहे हे ओझं उतरलं की धास्तीचं चक्र तुटतं. महिना पुरा व्हायच्या आधीच हा नियम मोडला असं सांगणारी जोडपी माझ्याकडं येतात, आणि त्यांचा मला राग येत नाही.

"थोडी घेतली तर?" हे तुम्ही विचाराल. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. तुमच्यापुरतं उत्तर आणखी सोपं आहे. ज्याची क्वार्टर रोजची झाली त्याला नाईंटीवर थांबता येत नाही. शनिवारचा पगार हातात पडल्यावर पाय कुठं वळतात ते तुम्हालाच माहीत आहे. पहिले तीन महिने पगार पत्नीच्या खात्यात वळवा आणि सुट्टी झाली की फाट्यावर न थांबणाऱ्या एखाद्या सोबत्याबरोबर थेट गाडी धरा.

आज रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ आहे. दवाखान्यात कुठंही जा, सरकारी असो की खाजगी, पण सकाळी आठ ते दहाच्या मध्ये, काही न खाता जा, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळचंच तपासायचं असतं, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी. शुगर, लिव्हर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड त्याच रक्तात होईल. ब्लडप्रेशरची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर ती बंद न करता पट्टी सोबत न्या, काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. मित्रानं दिलेल्या गोळीची पट्टीही न्या. रोज किती पिता ते विचारल्यावर क्वार्टरची नाईंटी करून सांगू नका, गोळ्यांची मात्रा त्यावरच ठरते. आणि पत्नीची ती जाडजूड फाईल घेऊन तिलाही सोबत न्या. या वेळी तिला औषधाच्या खिडकीकडं पाठवू नका, शेजारच्या खुर्चीत बसवा.